बालवाडीतला शरद ऋतू: ताई आणि पालक नेहमी विचारतात ते प्रश्न

गणपती गेले, पितृपक्ष सुरू झाला की बालवाडीच्या ताई विचारू लागतात, "आता वर्गात काय घ्यायचं?" पावसाळ्यात होड्या, छत्र्या, बेडूक झालेले असतात आणि दिवाळी अजून लांब असते. मधले आठवडे कोरडे वाटतात. खरं म्हणजे तीन ते सहा वर्षांच्या मुलांना दाखवण्यासारखं वर्षातलं सगळ्यात जास्त याच दिवसांत असतं. वर्गांमधून आणि पालकसभांमधून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत.

शरद ऋतू नेमका कधी धरायचा?

पंचांगाने आश्विन आणि कार्तिक. बालवाडीच्या हातात त्यातले येतात ते घटस्थापनेपासून दिवाळीच्या सुट्टीपर्यंतचे तीन-साडेतीन आठवडे आणि सुट्टीनंतरचे थोडे दिवस. अधिक महिना आला की सण पुढे सरकतात, म्हणून तारखेपेक्षा खिडकीबाहेर बघा. महाराष्ट्रातून पाऊस साधारण ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात परततो. आभाळ धुतल्यासारखं निळं दिसू लागलं, दुपारी चटका बसू लागला आणि गवताला तुरे आले की विषय सुरू करायला हरकत नाही.

नेटवर "ऑटम" म्हणून केशरी पानं, भोपळे आणि खारी असलेल्या वर्कशीट मिळतात. त्या वापरल्या तर काय बिघडलं?

त्या चित्रांत खोटं काही नाही. अमेरिकेत, कॅनडात, युरोपात त्या महिन्यांत तसंच दिसतं. पण आपल्याकडे ऑक्टोबरमध्ये झाडं पावसाचं पाणी पिऊन गच्च हिरवी असतात. साग, पळस, पांगारा यांची पानगळ शिशिरात, जानेवारी ते मार्चमध्ये होते. मूल कागदावर केशरी पान रंगवतं आणि दारात आलं की हिरवागार आंबा बघतं. या वयात जे डोळ्यांना दिसतं आणि हाताला लागतं तेच खरं. वर्गात शिकवलेलं आणि अंगणात दिसणारं जुळत नसेल, तर वर्गातलं फक्त पाठ होतं. पानगळीचा विषय फेब्रुवारीसाठी राखून ठेवा. तेव्हा पाचोळा पायाखाली येईल, त्यावर नाचता येईल.

मग सुरुवात कशाने करावी?

धान्य पेरून. माझ्या मते शरदातला सगळ्यात भरघोस उपक्रम हाच, म्हणून जरा सविस्तर सांगते.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी गहू भिजत घाला. दुसऱ्या दिवशी प्रत्येक मुलाला पानांचा एक द्रोण आणि मूठभर माती द्या. माती मुलांनाच चुरू द्या, ढेकळं फोडू द्या. बोटांची ताकद लिहिण्याच्या किती तरी आधी अशा कामांतून येते. गहू पसरून वर मातीचा पातळ थर द्यायचा आणि चमच्याने पाणी घालायचं. इथे लक्ष लागतं, कारण मुलं प्रेमापोटी द्रोण बुडवून टाकतात आणि बी कुजतं. "सकाळी दोन चमचे" असा नियम ठरला की मोजणीही होते.

दोन-तीन दिवसांत कोंब वर येतात. मग रोज कागदाची एक पट्टी रोपाच्या उंचीएवढी कापून तारखेच्या क्रमाने भिंतीवर चिकटवायची. आठवडाभरात पट्ट्यांचा जिना तयार होतो. लांब, आखूड, कालपेक्षा जास्त, सगळ्यात उंच, हे सगळं मूल त्या जिन्याकडे बोट दाखवून बोलतं. तोवर अंक ओळखता आले नाहीत तरी चालतं.

एक द्रोण मात्र कपाटात, अंधारात ठेवा आणि पाणी तेवढंच घाला. सहाव्या-सातव्या दिवशी दोन्ही शेजारी ठेवा. उजेडातली रोपं हिरवी, ताठ आणि बुटकी असतात. अंधारातली पिवळट, लुळी आणि बरीच उंच होतात. आपल्याला वाटतं की अंधारात रोप वाढणारच नाही. मुलांनाही तसंच वाटतं आणि नेमकं उलटं दिसतं. तिथे लगेच उत्तर सांगू नका. "हे उंच का झालं असेल?" एवढं विचारून गप्प बसा. "ते बाहेर यायला बघतंय" असं एखादं मूल म्हणतं आणि ते उत्तर चुकीचं नसतं. रोप उजेडाच्या शोधात उंच होतं आणि उजेडावाचून पानांत हिरवा रंग तयार होत नाही.

घट हा पूजेचा भाग. वर्गात सगळ्या धर्मांची मुलं आहेत, मग हे चालेल का?

वर्गात आपण धान्य रुजवतो, पूजा करत नाही. ही रेघ ताईच्या मनात स्पष्ट असली की पालकांनाही सांगता येते. बी, चंद्र, फुलं, शेतातलं पीक सगळ्यांचं असतं. एखाद्या मुलाने "आमच्या घरी घट बसतात" सांगितलं तर ते ऐकायचं, तितक्याच उत्सुकतेने दुसऱ्याच्या घरी या दिवसांत काय होतं तेही विचारायचं. भोंडल्याचंही तसंच. मधोमध पाटावर हत्तीचं चित्र, भोवती फेर, ताल आणि गाणी यात मुलगे-मुली सगळे आले पाहिजेत. तो फक्त मुलींचा खेळ म्हणून मुलग्यांना बाजूला बसवू नका. शेवटी झाकलेल्या डब्यातली खिरापत ओळखायची गंमत तर बालवाडीसाठीच केलेली वाटते. डबा हलवून आवाज ऐकायचा, झाकण किलकिलं करून वास घ्यायचा, "गोड की तिखट? वाजतंय की नाही?" असे प्रश्न विचारायचे. अंदाज बांधायला शिकवण्याची याहून चांगली रीत मला ठाऊक नाही.

चंद्र दाखवायचा तर शाळा सकाळची असते. कसं जमवायचं?

घरी बघायचा आणि शाळेत सांगायचा. घटस्थापना प्रतिपदेला, दसरा दशमीला आणि कोजागरी पौर्णिमेला, म्हणजे अख्खा शुद्ध पक्ष आपल्याला आयता मिळतो. या पंधरवड्यात चंद्र संध्याकाळीच आकाशात असतो. वद्य पक्षात तो उशिरा उगवतो आणि मुलं तोवर झोपलेली असतात, म्हणून हा उपक्रम शुद्ध पक्षातच करा. पहिले दोन-तीन दिवस कोर दिसणं कठीण असतं. चतुर्थीपासून सूर्यास्तानंतर पश्चिमेला बघायला सांगा. रोज सकाळी काळ्या कागदावर पांढऱ्या खडूने कालचा चंद्र काढायचा. ढग आले तर ढग काढायचे, ते बघणंही खरंच असतं. कोजागरीला गोल पूर्ण होतो आणि त्या दिवशी वर्गात आटवलेलं मसाला दूध. दूध चालत नाही अशी मुलं वर्गात असतात, त्यांची चौकशी आधी करून ठेवा. कोकणात याच पौर्णिमेला नवान्न पौर्णिमा म्हणतात आणि नव्या भाताच्या लोंब्या दाराला बांधतात. तिकडच्या ताईंनी एक लोंबी वर्गात आणून प्रत्येकाला एक दाणा सोलायला द्यावा. आत पांढरा तांदूळ निघतो तेव्हा मुलांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

दसऱ्याला आपट्याची पानं वाटायची की नाही? झाडं ओरबाडली जातात.

वाटू नका, बघा. पूर्ण वर्गाला एक डहाळी पुरते. आपट्याचं पान दोन पाकळ्यांचं, मधून चिरल्यासारखं असतं. मधल्या शिरेवर ते दुमडलं की दोन्ही भाग एकमेकांवर बरोबर बसतात. हे मुलाला स्वतः करू द्या. मग कागद दुमडून अर्धं पान कापायचं आणि उघडायचं. समान भाग म्हणजे काय, हे तोंडाने सांगायची गरजच उरत नाही. पान उलटं ठेवून वर कागद आणि त्यावर आडवा धरलेला मेणखडू घासला की देठापासून पसरलेल्या शिरा उमटतात. बाजारात कांचनाची पानंही आपटा म्हणून विकतात. ती मोठी आणि मऊ असतात. दोन्ही मिळाली तर शेजारी ठेवून "सारखं काय, वेगळं काय?" हा खेळ घ्या.

फुलांचं काय काय करता येतं?

झेंडू तर पोत्याने येतो. दसऱ्याची तोरणं उतरली की फेकू नका. वाळलेलं फूल मुलांच्या हातात द्या आणि उलगडायला सांगा. प्रत्येक पाकळीच्या बुडाशी काळी, सुईसारखी बी असते. एका फुलात एवढ्या बिया बघून मुलं थक्क होतात. बाजारातल्या काही मोठ्या संकरित झेंडूंचं बी रुजत नाही, म्हणून शक्य तर घराजवळचा गावठी झेंडू घ्या.

प्राजक्त जवळ असेल तर सकाळी पहिलं काम तेच. रात्री उमललेली फुलं पहाटे गळतात, त्यामुळे तोडण्याचा प्रश्न येत नाही. एकेक फूल हातात घेऊन पाकळ्या मोजायच्या. कधी पाच, कधी सहा, कधी आठही निघतात आणि "माझ्यात जास्त आहेत" म्हणून गणित आपोआप सुरू होतं. केशरी देठ पांढऱ्या कागदावर घासला तर पिवळा-केशरी रंग उतरतो. रंगपेटी न आणता चित्र होतं. वर्गभर हात पिवळे झाले तरी रागावू नका.

शहरात सप्तपर्णी फुललेली असते. तिचा वास काहींना आवडतो, काहींचं डोकं दुखतं. "तुला कसा वाटतो?" या प्रश्नाला दोन वेगळी आणि दोन्ही बरोबर उत्तरं असू शकतात, हेही मुलांना कळू द्या.

बिया गोळा करायला नेलं तर काय बघावं आणि काय टाळावं?

तेरड्याच्या पिकलेल्या शेंगेला नुसतं बोट लावलं की ती फटकन फुटते, साल आत वळते आणि बिया उडतात. मुलं हे कितीही वेळा करायला तयार असतात. आघाड्याचं बी कपड्याला चिकटतं, म्हणून बुटावर जुना सुती मोजा चढवून कापलेल्या गवताच्या कडेने एक चक्कर मारायची. परतल्यावर मोजाला काय काय लागलं ते भिंगातून बघायचं. कुसळी गवताचं कुसळ टोकदार असतं, ते ताईनेच हातात धरावं. त्यावर पाण्याचा थेंब सोडला की ते गोल गोल फिरू लागतं. त्याची वळलेली शेपटी ओली झाली की उलगडते, आणि असंच फिरत फिरत ते बी जमिनीत शिरतं.

आता टाळायचं ते. गुंजेच्या लाल-काळ्या बिया दिसायला सुंदर पण विषारी. एरंड, धोतरा, कण्हेर वर्गात आणूच नयेत. सीताफळ याच दिवसांत येतं, गर खुशाल खाऊ द्या, पण बिया मोजून परत घ्या. त्या फोडल्या तर डोळ्यांना फार त्रास होतो. रुईचा चीकही डोळ्यांना वाईट. सह्याद्रीच्या बाजूला खाजकुयलीच्या मखमली शेंगांपासून लांब राहा, पोरांना त्या हमखास हात लावाव्याशा वाटतात. केसाळ सुरवंट बघायचे, उचलायचे नाहीत. वाढलेल्या गवतात साप असू शकतात, म्हणून पायवाट सोडायची नाही. तीन वर्षांखालचं मूल गटात असेल तर नाका-तोंडात जाईल असं कोणतंही बी खेळायला नको. वाटाणा, हरभरासुद्धा नको.

फुलपाखरांची मात्र चैन असते. पावसानंतर ती भरपूर दिसतात. काळ्या-निळ्या पंखांचं मोठं फुलपाखरू दिसलं तर ते ब्लू मॉर्मन असू शकतं. २०१५ पासून ते महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू आहे.

शाळा शहरात आहे, शेत लांब. पीक कसं दाखवणार?

शेत वर्गात आणा. ओल्या भुईमुगाचं एक झाड मुळासकट मिळालं तर बघा. शेंगा मातीखाली लागतात यावर शहरातली मुलं विश्वास ठेवत नाहीत. सोयाबीनची वाळलेली रोपं काठीने बडवून मळणी करता येते. सूप आणून पाखडून दाखवा. टरफल उडतं, दाणा खाली राहतो, मग पाच-पाच मुलांना करू द्या. सांडणार, ते वेचायचंही काम त्यांचंच. विदर्भातल्या ताईंना कापसाचं बोंड सहज मिळतं. त्यातली सरकी बोटांनी सोडवायला पाच मिनिटं तरी लागतात आणि अख्खा वर्ग शांत होतो. शेंगा फोडायला द्या, पण अख्खे दाणे लहान मुलांना खायला देऊ नका. कूट करून लाडू वळा आणि ॲलर्जीची विचारपूस आधी करा.

साहित्याला पैसे नाहीत.

लागत नाहीत. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांबरोबर काम केलं, ते भोवतालच्या बिया, पानं, शिंपले, खडे घेऊनच. मुलं शाळेत येत नव्हती तेव्हा त्या पाड्यावरच्या अंगणात गेल्या. आज राज्यभर अंगणवाडी सेविकेकडे जे आहे, त्यातून हा सगळा विषय होतो. विकत घ्यावं असं एक भिंग, बस्स.

पालक विचारतात, "दिवसभर माती आणि फुलं. लिहून काय घेतलं?"

हा प्रश्न चिडून उडवून लावण्यासारखा नाही. पालकांना पोराची काळजी असते. त्यांना वर्गात बोलवा आणि पट्ट्यांचा जिना दाखवा. ही मोजणी, हा क्रम, ही तुलना. शेंग सोलणारी दोन बोटं तीच, जी पुढे पेन्सिल धरतात. खिरापत ओळखताना मुलाने पूर्ण वाक्यात कारण सांगितलं, ती भाषा. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने तीन ते आठ वर्षांचा पायाभूत टप्पा खेळातून आणि प्रत्यक्ष अनुभवातून शिकण्याचा मानला आहे, हेही सांगता येतं. पण कागदापेक्षा मुलाचं बोलणं पालकांना लवकर पटतं. मी दर आठवड्याला प्रत्येक मुलाचं एक वाक्य वहीत टिपून ठेवते आणि सभेत वाचून दाखवते. त्यानंतर वर्कशीटची मागणी बरीच कमी होते.

ऑक्टोबरच्या उन्हात मुलांना बाहेर काढावं का?

सकाळी दहाच्या आत काढा. टोपी आणि पाण्याची बाटली हवीच. डासांचे दिवस असतात, अंगभर कपडे घालून पाठवा असं पालकांना सांगा. शाळेभोवती साचलेलं पाणी शोधण्याचा खेळ मुलांबरोबर घ्या. करवंटी, कुंडीखालची ताटली, फुटकी बादली सापडली की ताईने उपडी करायची.

एकच गोष्ट भर दुपारची चांगली, ती म्हणजे सावली. सप्टेंबरच्या शेवटी बारा-साडेबाराच्या सुमारास मुलाला फरशीवर उभं करून सावली खडूने आखा आणि दोरीने मोजून दोरी जपून ठेवा. डिसेंबरच्या शेवटी त्याच वेळी पुन्हा मोजा. मीटरभर उंचीच्या मुलाची सावली मुंबई-पुण्याकडे आधी पस्तीसएक सेंटिमीटर असते, नंतर नव्वदच्या घरात जाते. दोन दोऱ्या शेजारी टांगल्या की सूर्य दक्षिणेला सरकला हे सांगायला मोठं कारण लागत नाही.

आमच्या बालवाडीतली निम्मी मुलं दसरा-दिवाळीनंतर आई-बापाबरोबर ऊसतोडीला जातात. त्यांचं काय?

बीड आणि आसपासच्या ताईंचा हा प्रश्न ऐकला की जीव तुटतो. कारखान्याचा हंगाम सुरू झाला की बिऱ्हाड हलतं आणि मूल मार्च-एप्रिलपर्यंत परत येत नाही. जाण्याआधी आमच्या ओळखीच्या काही ताई प्रत्येकाला एक कापडी पिशवी देतात. त्यात मुलाने स्वतः गोळा केलेलं झेंडूचं बी, चिंचोके, एक खडू आणि त्याने काढलेला चंद्र असतो. कोपीपाशी, म्हणजे ऊसतोडीवरच्या झोपडीपाशी, बी लावता येतं, चिंचोके मोजता येतात. आईला पाच मिनिटं समजावून सांगा, ती वेळ काढते. कारखान्यावर साखरशाळा किंवा अंगणवाडी असेल तर तिथल्या ताईंचा नंबर मिळवून मुलाचं नाव कळवा. आणि भिंतीवरची त्या मुलाची पट्टी काढू नका. परत आल्यावर ते आधी तिकडेच बघतं.

आम्ही परदेशात राहतो. घरी मराठीतून यातलं काय करता येईल?

तिथे पानं खरंच लाल-पिवळी होत असतील तर तीच दाखवा. थंडी आणि लहान दिवस यामुळे पानातलं हिरवं द्रव्य विरतं आणि आत दडलेला पिवळा रंग दिसू लागतो. हे मराठीतून सांगा आणि जोडीला द्रोणातला गहू घरात रुजवा, त्याला अंगण लागत नाही. चंद्र तर एकच आहे. आजी-आजोबांना फोनवर "काल तुमच्याकडे केवढा होता?" विचारायला मुलांना फार आवडतं. ऑस्ट्रेलियात मात्र याच महिन्यांत वसंत असतो. तिथल्या मुलाला शरदाची चित्रं रंगवायला देण्यापेक्षा बाहेरचा बहर दाखवा आणि महाराष्ट्रात आत्ता काय चाललंय ते गोष्टीतून सांगा.

दिवाळीच्या सुट्टीत घरी काय द्यावं?

गृहपाठ देऊ नका, किल्ला करायला सांगा. माती अजून ओलसर असते, दगड-विटा रचून लिंपता येते. लक्ष्मीपूजनाच्या चार-पाच दिवस आधी किल्ल्यावर अळीव किंवा मोहरी शिंपडायची, म्हणजे मावळे मांडेपर्यंत डोंगर हिरवा होतो. गच्ची-गॅलरीत जागा नसेल तर ताटातला किल्लाही चालतो. पालकांना एवढंच सांगा की देखणा व्हावा म्हणून स्वतः करू नका. चिखल मुलाच्या हाताला लागू द्या, भिंत वाकडी राहू द्या. पणत्या लावताना मोठं माणूस शेजारी बसलेलं असावं आणि सुती कपडे घालावेत. सुट्टीनंतर शाळेत येताना किल्ल्यावरच्या हिरव्या रोपांची एक चिमूट कागदात गुंडाळून आणायला सांगा. पहिल्या दिवशी वर्गात कोणाचं अळीव, कोणाची मोहरी आणि कोणाचं सुकून गेलं, यावरच तासभर गप्पा होतात.